डिझेल गाळणारे अण्णा

"ॲव्हरेज किती देती?"

कुठल्याही नव्या माणसाशी अण्णांचं बोलणं इथून सुरू व्हायचं. नाव, गाव, नोकरी हे सगळं मागाहून. आधी पाहुण्याच्या गाडीच्या बॉनेटवर उजवा पंजा सपाट ठेवायचा, ताप आलेल्या पोराचं कपाळ बघतात तसा, डोळे बारीक करायचे आणि हा प्रश्न टाकायचा. माझी नणंद पहिल्यांदा आमच्याकडे आली ती स्टँडवरून रिक्षा करून. अण्णा फाटकातून बाहेर आले, रिक्षाच्या टपावर हात ठेवून त्यांनी रिक्षावाल्याकडून ॲव्हरेज काढून घेतलं आणि मगच तिच्याकडे वळून म्हणाले, "या पावणं."

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. सकाळी त्याच्या दारावरून जाताना आपण उगाचच घड्याळ बघत चालतो, म्हणजे घाईत आहोत असं वाटावं. आणि तरी ते माणूस आपल्याला गाठतंच. आमच्या कोल्हापूरच्या गल्लीत हे काम अण्णांकडे होतं. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पोस्टमनसुद्धा "अण्णा, टपाल" असंच ओरडायचा.

अण्णा मूळचे शिरोळ भागातले, कृष्णाकाठच्या जैन शेतकरी घरातले. गावाकडे ऊस, आणि इथं मार्केट यार्डात गुळाची अडत. मी शेजारी राहायला आले तोवर त्यांनी अडत पुतण्याच्या हवाली केली होती. काकू जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला नोकरीत रमला होता. घरात अण्णा एकटे आणि दारात त्यांची पांढरी डिझेल गाडी. गुळाच्या दिवसांतली ती गाडी. मागच्या सीटवर बसलं की अजूनही गुळाचा वास यायचा आणि पावसाळ्यात तिथं मुंग्या निघायच्या. अण्णांचा आवाज गुळाच्या सौद्यात कमावलेला. फाटकाशी उभं राहून ते कुणाला काही गुपित सांगायला लागले की मागच्या गल्लीतल्या बायका खिडकीत यायच्या.

दुसरं त्यांचं वाक्य म्हणजे, "घरीच हुतंय की!" नळ गळो, इस्त्री बिघडो, सायकल मोडो, बाहेर दुरुस्तीला द्यायचं नाव काढलं की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. आमच्या दारावरची घंटा त्यांनी घरीच दुरुस्त केली, तेव्हापासून पंखा लावला की घंटा वाजायची. सुरुवातीला आम्ही दार उघडून बघायचो, मग सवय झाली. मी तक्रार केली तर म्हणाले, "वाजती न्हवं? मग झालं की."

पण गाडीतलं त्यांना खरंच कळायचं, हे मला मान्य करायला हवं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. शाळा हातकणंगल्याच्या पुढं, एसटीच्या वेळा जमेनात, म्हणून मी जुनी डिझेल गाडी घेतली. पहिल्याच दिवशी अण्णांचा पंजा बॉनेटवर पडला. मी भीत भीत आकडा सांगितला. त्यांनी हात काढून घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच गाडीची लाज वाटली.

"बाई, ही गाडी डिझेल पीत न्हाय, सांडती."

"मग काय करायचं? गॅरेजला दाखवते."

"गॅरेजला कशाला? फिल्टर तुंबला असंल. रविवारी माझ्या दारात लावा. घरीच हुतंय की."

रविवारी अण्णा बनियन घालून, जुन्या धोतराचा सोगा खोचून तयार. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरलेली, डिझेल सांडेल ते धरायला काकूंची पितळी परात, आणि बसायला देवघरातला पाट. मी उभी राहून हुकूम झेलत होते. "पाना द्या. त्यो न्हाय, त्याच्यापेक्षा धाकटा. फडकं धरा. आता मान खाली घालून बघा, नुस्तं उभं राहून काय कळतंय?" जुना फिल्टर निघाला तो डांबरासारखा काळा. अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी तो हातात धरून गल्लीत फिरवून आणला. समोरच्या घरातल्या आजारी मामांना अंथरुणातून उठवून दाखवला. "बघा मामा, बाई गाडीला काय पाजत हुत्या!"

नवा फिल्टर बसल्यावर त्यांनी मला मुठीत मावेल असा एक काळा रबरी फुगा दाखवला. "हा हातपंप. फिल्टर काढला की नळीत हवा शिरती. ती काढल्याबिगर गाडी चालू हुईत न्हाय. दाबा."

"किती वेळ दाबायचं?"

"बुडबुडं थांबस्तवर."

अंगठा दुखेपर्यंत दाबलं. मग किल्ली फिरवली, गाडी एकदा खोकली आणि सुरू झाली. अण्णांनी टाळी वाजवली. आणि खरोखर ॲव्हरेज सुधारलं. तेव्हापासून आजतागायत माझ्या गाडीचा फिल्टर मी घरीच बदलते, आणि दरवेळी तो पंप दाबताना मला त्यांचा आवाज ऐकू येतो. गॅरेजवाल्यानं केलं तर वेळ वाचेल, हे मला कळतं. पण मला तो रविवार वाचवायचा नसतो.

त्या दिवशी हात धुवायला म्हणून मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. नळाच्या तोंडाला पांढरं स्वच्छ कापड बांधलेलं होतं. जैन घरांतून पाणी गाळून घेतात हे मला माहीत होतं, पण अण्णांनी ते जवळून दाखवलं. "कापड दुहेरी पायजे. आणि असं जाड, की उन्हात धरलं तरी सूर्य दिसाय नको. गाळून झालं की कापडावर राहिलेलं परत पाण्यातच सोडायचं, जीव मरू नयेत म्हणून. अक्कानं शिकवलंय." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, धाकट्या भावाला अक्कानंच वाढवलं. तिच्याविषयी बोलताना अण्णांचा आवाज आपोआप खाली यायचा, आणि अण्णांचा आवाज खाली येणं ही गल्लीत बातमी होती.

मी विचारलं, "तुम्हीही दिवस मावळायच्या आत जेवता का, अक्कांसारखं?"

"ते अक्काचं." त्यांनी जरा इकडंतिकडं बघितलं. "मला सांच्याला रंकाळ्यावरची भेळ लागती. तिला सांगू नगा."

आता मूळ गोष्टीकडे येते. माझ्या गाडीतून निघालेला तो काळा फिल्टर अण्णांच्या डोक्यात बसला होता. एके दिवशी ते फाटकाशी आले आणि म्हणाले, "बाई, फिल्टर म्हंजे तरी काय? गाळणंच की. आपण पाणी गाळून प्यायचं आणि गाडीला तसंच पाजायचं? तिनं काय पाप केलंय?"

आणि त्यांनी डिझेल गाळायला सुरुवात केली. पंपावरून कॅन भरून आणायचा, अंगणात नरसाळ्यावर कापड ताणून बांधायचं आणि त्यातून धार सोडत टाकी भरायची. पाण्याचं कापड यासाठी वापरणं शक्यच नव्हतं. डिझेलचं कापड धुऊन परत वापरणंही त्यांना पटेना. म्हणून कबनूरच्या एका ओळखीच्या यंत्रमागवाल्याकडून त्यांनी पांढऱ्या कोऱ्या कापडाचा अख्खा तागाच मागवला. दरवेळी त्यातला नवा तुकडा फाडायचा. कापड फाडल्याचा टर्रकन आवाज आला की आम्ही समजायचो, अण्णांची गाडी जेवायला बसली.

मी चिडवायची. "डिझेलात कुठले आलेत जीव, अण्णा?"

"तुम्ही आत जाऊन बघिटलाय?"

"नाही."

"मग गप बसा की."

काही महिन्यांनी अण्णांच्या गाडीचं ॲव्हरेज पडायला लागलं. दुसऱ्या कुणाचंही पडलं असतं तर चाललं असतं, पण ज्या माणसानं सगळ्या गल्लीला ॲव्हरेजचे धडे दिले त्याचंच पडलं. अण्णा अस्वस्थ झाले. आधी पंपवाल्याला शिव्या घातल्या, मग पंप बदलला. फिल्टर काढला, नवा घातला. चार दिवस बरं, पुन्हा तेच. डिझेलच घाण येतंय असं ठरवून त्यांनी दुहेरी कापडाचं चौपदरी केलं. पुन्हा ॲव्हरेज पडलं, पुन्हा नवा फिल्टर. पुन्हा घड्या वाढल्या. समोरचे मामा अंथरुणातून ओरडायचे, "अण्णा, आता वाकळ लावून गाळ!" गल्ली हसायची. अण्णा हसायचे नाहीत. गाडीच्या डिकीत ते एक नवा फिल्टर कायम ठेवायला लागले, औषधाची गोळी खिशात ठेवतात तसा.

त्याच हिवाळ्यात अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन कोल्हापुरात झालं. ती गावी परतली आणि काही दिवसांनी तपासणीला बोलावणं आलं. तिला आणायचं, डॉक्टरांना दाखवायचं आणि परत सोडायचं, सगळं एका दिवसात. बरोबर बाईमाणूस असावं म्हणून अण्णांनी मला विचारलं आणि मी रजा टाकली.

अक्का अगदी बारीक चणीची, अण्णांच्या खांद्याइतकीही नव्हती. काळा चष्मा, स्वच्छ सुती लुगडं, आणि बोलणं मोजकं. अण्णांना ती तम्मा म्हणायची. कर्नाटकच्या सीमेकडच्या घरांतून धाकट्या भावाला तसंच म्हणतात. गल्लीभर गाजणारा तो माणूस अक्कासमोर तम्माच होऊन जायचा. "तम्मा, हळू चालीव," म्हटलं की हळू. "तम्मा, ओरडू नगं," म्हटलं की गप्प.

अक्काचा नियम कडक होता. घराबाहेर अन्नपाणी घ्यायचं नाही आणि दिवस मावळला की घरातही पाण्याचा थेंब नाही. कित्येक वर्षांत तो मोडला नव्हता. त्यात तिला मधुमेह. वेळेवर खायला हवं, पोटात अन्न नसलं की तिला चक्कर येते, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं. सकाळी निघताना ती थोडं खाऊन निघाली होती. दवाखान्यात मात्र गर्दी निघाली आणि नंबर यायला दुपार उलटली. बाहेर पडलो तेव्हा मी म्हटलं, "अक्का, अण्णांच्या घरी दोन घास खाऊन मग निघू." तिनं आभाळाकडे बघितलं. "नगं. उशीर हुईल. सून ताट करून बसली असंल." अण्णा म्हणाले, "दिवस मावळायच्या आत तुला दारात सोडतो. काळजी करू नगं."

उसाचा हंगाम होता. रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यांच्यामागं हलत जाणाऱ्या ट्रॉल्या. तरी कबनूर ओलांडलं तेव्हा ऊन चांगलं होतं. यंत्रमागांचा खडखडाट मागं पडला. अण्णा मला सांगत होते, "हितनंच आणतो बघा कापड. एक नंबर." आणि पुढच्या चढावर गाडीनं आचके द्यायला सुरुवात केली. अण्णांनी गिअर बदलला, ॲक्सिलरेटर दाबून बघितला. गाडी आणखी थोडी ओढत गेली आणि उसाच्या कडेला उभी राहिली.

"पाच मिनिटं, अक्का," अण्णा उतरत म्हणाले.

त्यांनी बॉनेट उघडलं. मी खाली उतरून पाना, फडकं काढून दिलं. अक्का मागच्या सीटवर दार उघडं ठेवून बसली होती, तोंड पश्चिमेला. तेवढ्यात शिरोळकडे निघालेली एक वडापची, वाटेत प्रवासी भरत जाणारी जीप आमच्याजवळ थांबली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"काय झालं पावणं? म्हातारीला द्या की बसवून. सोडतो शिरोळात."

मी लगेच म्हटलं, "अण्णा, मी अक्कांना घेऊन जाते. तुम्ही या मागून."

"न्हाय, न्हाय. झालंच की." त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. "माझ्या बहिणीला मी नेऊन सोडतो. पाच मिनिटाचं काम हाय."

ड्रायव्हर अक्काकडे बघत राहिला. उतरायचं की नाही हे आता तिनं ठरवायचं होतं. अक्कानं बॉनेटखाली वाकलेल्या भावाच्या पाठीकडे बघितलं. मग ड्रायव्हरला म्हणाली, "तू जा रं बाबा. माझा भाऊ हाय." जीप गेली.

त्या क्षणी मला दोघांचाही राग आला होता. सूर्य उसाच्या तुऱ्यांवर टेकायला आलेला आणि ही दोन म्हातारी माणसं एकमेकांचा मान सांभाळत बसलेली. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलेही.

अण्णांनी फिल्टर बाहेर काढला. या वेळी तो काळा नव्हता. कागदाच्या घड्यांवर पांढुरका, चिकट थर बसला होता, ओल्या कापसासारखा. अण्णा तो हातात फिरवत राहिले. "हे काय निघालं?"

"बघू," अक्का म्हणाली. मी तो तिच्यापाशी नेला. तिनं चष्म्याआडून नुसती नजर टाकली, मग थर चिमटीत घेऊन बोटांवर चोळला.

"तूस हाय हे, सुताचा बारीक भुगा. कोऱ्या कापडाचं. तम्मा, तू कशातनं गाळतोस डिझेल?"

 मीच सांगितलं, कबनूरचं कापड, दरवेळी नवा तुकडा, पदरावर पदर.

"धुऊन?"

"नाही."

"आरं, कोऱ्या कापडाला खळ असती, तूस असतंय. ते दोन-तीन पाण्यातनं काढल्याबिगर गाळाय घेत न्हाईत. तुला मी सांगिटलं न्हवतं व्हय?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. लहान मुलाला शिकवायचं काहीतरी आपल्याकडून राहून गेलं, अशा काळजीनं ती विचारत होती.

अण्णा रस्त्याच्या कडेला खाली बसले. इतके महिने त्यांनी कापडाच्या जितक्या घड्या वाढवल्या तितकं तूस स्वतःच्या हातानं गाडीला पाजलं होतं.  मग एकदम उठले, डिकीतला नवा फिल्टर काढला आणि बसवायला लागले. झाकणाचा रबर दोनदा निसटून मातीत पडला. तो पुसून बसवला, आवळला आणि हातपंप दाबायला सुरुवात केली. बुडबुडे थांबेनात. मी म्हटलं, मी दाबते. त्यांनी ऐकलं नाही. दाबताना ते सारखे मान वळवून पश्चिमेला बघत होते.

गाडी सुरू झाली तेव्हा उसावरचं ऊन गेलं होतं. पलीकडच्या वस्तीत दिवे लागले होते. मी अक्काकडे बघितलं. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला होता आणि डोळे मिटले होते. 

दारात सून उभी होती. तिनं गाडी बघितली, आभाळ बघितलं आणि काही न विचारता आत जाऊन झाकलेलं ताट उचलून ठेवलं. अक्का पायरी चढताना जरा झोकांडली. मी दंड धरला तर हसून म्हणाली, "एका रात्रीनं काय हुतंय? सकाळी खाईन की." तिचे ओठ कोरडे पडले होते. मी डॉक्टरांचं सांगणं सांगून बघितलं, सुनेनं विनवलं. अक्कानं दोघींच्या तोंडावरून हात फिरवला आणि जाऊन आडवी झाली.

सुनेनं माझ्यासाठी चहा टाकला होता. मी कप तसाच बाजूला ठेवला. अण्णा सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. "अण्णा, तुम्ही तरी काही घ्या," सून म्हणाली. त्यांनी मान हलवली. रात्री आम्ही तिथंच राहिलो. मी आतल्या खोलीत झोपले, पण अण्णा रात्रभर अक्काच्या अंथरुणाशेजारी बसून होते, तिचा हात हातात धरून, असं सुनेनं मला नंतर सांगितलं.

सकाळी ऊन अंगणात चांगलं उतरल्यावर अक्का उठून बसली. सुनेनं गाळलेलं पाणी आणून दिलं. तिनं पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, तेव्हा अण्णांनी समोरचा तांब्या उचलला. घटाघट पाणी पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "अक्का, आजपास्नं मी बी दिवस हाय तवरच खाणार."

"माझ्यापायी करू नगं, तम्मा."

"तुझ्यापायी न्हाय," ते म्हणाले. "माझ्यापायी."

कापडाचा उरलेला तागा त्यांनी मला देऊन टाकला. मी धुऊन शाळेत फळा पुसायला नेला. डिझेल गाळणं बंद झालं आणि गाडीचं ॲव्हरेज जागेवर आलं. किती आलं ते मला कधी समजलं नाही. मी मुद्दाम विचारलं, तर नुसतं म्हणाले, "देती की बरं." पाहुण्यांच्या गाड्यांवरही मग त्यांचा हात पडेनासा झाला. मला ती चिडवाचिडवी हवी होती, पण पुन्हा सुरू करायचा धीर झाला नाही.

रंकाळ्यावरची भेळ सुटली. गल्लीला वाटलं, वय झालं, अण्णा धर्माकडे वळले. लग्नाच्या संध्याकाळच्या स्वागत समारंभाला ते ऊन असतानाच जाऊन बसायचे आणि आचाऱ्याच्या मागं लागायचे, "पावणं, तयार हाय तेवढं वाढा. नवरा-नवरीचं मी बघत न्हाय, मला सूर्य गाठायचाय." आचारी वैतागायचे, तरी वाढायचे. एकदा जेवता जेवता ऊन गेलं, तर पानातली जिलेबी तशीच ठेवून उठले. जिलेबी त्यांचा जीव की प्राण होती. मी त्यांच्या शेजारी बसले होते. ते उठून हात धुवायला गेले तेव्हा मला त्या उसाच्या कडेच्या संध्याकाळची आठवण झाली आणि माझ्याही पानातली जिलेबी तशीच राहिली.

आता त्यांच्या घरात भाडेकरू राहतात. पांढरी गाडी मुलानं विकून टाकली. अंगणात गाडी उभी राहायची तिथं तेलाचा डाग आहे, भाडेकरूंनी त्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे. सकाळी शाळेला निघताना आता मला कुणी अडवत नाही. मी वेळेवर पोचते. आणि खरं सांगते, मला ते आवडत नाही.

अण्णा गेले ते दवाखान्यात. छातीचा आजार होता, काही आठवडे चालला. सुरुवातीला नर्सशी भांडायला जोर होता. सलाईन लावायला आली की विचारायचे, "हे गाळलेलं असतंय न्हवं?" रात्रीची औषधंसुद्धा ते दिवसाउजेडी मागून घ्यायचे. डॉक्टर मला म्हणाले, त्यांना थोडं थोडं पाणी देत राहा, ओठ सुकू देऊ नका. पण संध्याकाळ झाली की अण्णा तोंड मिटून घ्यायचे ते सकाळपर्यंत.

शेवटच्या दिवशी मी अक्काला गावाहून घेऊन आले. ती कॉटशेजारी स्टुलावर बसली, भावाचा हात हातात घेऊन. अण्णा दुपारपासून गुंगीत होते. मुलगा औषध आणायला खाली गेला होता. बाहेर दिवस मावळला, रस्त्यावरचे दिवे लागले, खोलीतली ट्यूब आधीपासूनच चालू होती. आणि अण्णांनी डोळे उघडले.

"अक्का, पाणी."

पाण्याचा पेला घरून गाळून आणलेला, झाकून ठेवलेला होता. अक्कानं तो उचलला, चमचा बुडवला. चमचा ओठांपाशी नेला तशी अण्णांनी मान थोडी मागं घेतली. ओठांना चिरा पडल्या होत्या. खिडकी त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला होती आणि वळून बघण्याएवढी ताकद राहिली नव्हती.

"दिवस मावळला का?"

अक्कानं खिडकीकडे बघितलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. आयुष्यात ती खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"न्हाय रं तम्मा," ती म्हणाली. "कासराभर वर हाय अजून. घे."

मी पुढं होऊन खिडकीचा पडदा ओढून घेतला. अण्णांनी तोंड उघडलं आणि ते पाणी प्याले. अक्कानं पदरानं त्यांची हनुवटी टिपली, पुन्हा चमचा भरला आणि म्हणाली, "आणखी घे की. लई येळ हाय."